पहिली रायफल घेताना: कॅलिबर कोणते निवडावे आणि कस्टमचा खर्च कुठे करावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मुलुंडला राहता, वय बत्तीस, उंची पाच फूट चार इंच, चष्मा आहे. काही महिन्यांपासून क्लबच्या एअर रायफलवर १० मीटरचा सराव करता आहात आणि आता स्वतःची रायफल घेण्याचे ठरवले आहे. एका विक्रेत्याने अक्रोडाच्या लाकडाचा खास घडवलेला दस्ता असलेली ५.५ मिमीची एअर रायफल दाखवली आहे, क्लबमधले एक ज्येष्ठ थेट .२२ घ्या म्हणतात, आणि साताऱ्याकडच्या काकांकडे .३१५ असल्यामुळे मोठ्या कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये किंवा .२२ असा इंचात) ओढही मनात आहे. यांपैकी काय घ्यावे, आणि रायफल कस्टम करून घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी हौशी नेमबाज आहे. अनेक वर्षे राज्य पातळीपर्यंतच्या स्पर्धांत खेळलो, आणि आता शनिवार-रविवारी नवोदितांना शिकवणे व त्यांच्या रायफली त्यांच्या शरीराला जुळवून देणे हे काम करतो. जुळवणे म्हणजे दस्ता, चीकपीस (गाल टेकवण्याचा भाग), बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी), साइट (नेम धरण्याचे साधन) आणि वजने एवढेच; नळी आणि यंत्रणा यांना मी हात लावत नाही आणि कोणाला लावूही देत नाही. हे उत्तर त्या अनुभवातून लिहितो आहे आणि ते केवळ खेळापुरते आहे. स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेणे हा वेगळा विषय आहे.

तुमच्या प्रश्नात दोन निर्णय एकमेकांत गुंतले आहेत. कॅलिबर हा तुमच्या आवडीचा प्रश्न फार थोडा आहे. तो क्रीडाप्रकार, रेंज, कायदा आणि गोळ्यांचा पुरवठा या चार गोष्टी मिळून ठरवतात. कस्टम हा मात्र संपूर्णपणे तुमच्या शरीराचा प्रश्न आहे. नवखा माणूस बहुतेक वेळा याच्या उलट वागतो, म्हणजे कॅलिबर मनाप्रमाणे निवडतो आणि दस्ता दिसायला देखणा म्हणून घेतो. दोन्हीकडे पैसे जातात आणि गुण जिथल्या तिथे राहतात.

आधी कॅलिबरविषयी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर रायफल ४.५ मिमी, म्हणजेच .१७७ कॅलिबरची असते. ५० मीटर रायफल ही .२२ लाँग रायफल, म्हणजे ५.६ मिमीची. ३०० मीटरच्या प्रकारात ८ मिमीपर्यंतची रायफल चालते, पण मुंबईत तुमच्या-माझ्यासारख्या नागरिकाला नियमित सरावासाठी ३०० मीटरची रेंज मिळणे जवळपास अशक्य आहे, त्यामुळे तो प्रकार विचारातून काढून टाकावा. विक्रेत्याने दाखवलेल्या ५.५ मिमी एअर रायफलसाठी या रचनेत एकही प्रकार नाही. ती घेऊन तुम्ही ना जिल्हा स्पर्धेत उभे राहू शकता, ना राज्य स्पर्धेत. इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून स्पष्ट सांगतो: ५.५ मिमीच्या एअर रायफललाही बाजारात 'पॉइंट टू टू' म्हणतात, परंतु तिचा .२२ लाँग रायफलशी काहीही संबंध नाही. पहिलीत हवेच्या दाबाने शिशाचा छर्रा उडतो, दुसरीत बारूद भरलेले काडतूस असते. क्लबमधले ज्येष्ठ एकीविषयी बोलत आहेत आणि विक्रेता दुसरीविषयी, हे आधी ध्यानात घ्या.

त्या ५.५ मिमी रायफलीबाबत दुसरी अडचण कायद्याची आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हवेच्या शस्त्राला परवान्यातून सूट मिळायची असेल तर त्याचे कॅलिबर ४.५ मिमीपेक्षा मोठे नसावे लागते आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नसावी लागते. दोन्हींपैकी एक मर्यादा जरी ओलांडली तरी ते परवान्याचे शस्त्र ठरते. विक्रेता "एअरगनला परवाना लागत नाही" असे मोघम सांगत असेल, तर त्याला कॅलिबर आणि ऊर्जा पावतीवर लिहून द्यायला सांगा. ते लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून काहीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंका राहिलीच तर पोलीस आयुक्तालयातल्या शस्त्र परवाना शाखेत खरेदीपूर्वी लेखी विचारणा करावी.

मोठ्या कॅलिबरची ओढ समजण्यासारखी आहे. काकांची .३१५ रायफल हातात घेतल्यावर तिचे वजन आणि भारदस्तपणा जाणवतोच. पण आपल्याकडे .३१५ आणि .३२ ही कॅलिबर नागरिकांत का रुजली, याचे कारण नेमबाजीत सापडत नाही. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिमीसारखी कॅलिबर 'प्रतिबंधित बोअर' म्हणून सामान्य नागरिकाला बंद आहेत. मग जी उरली, त्यांत सरकारी आयुध निर्माणींनी रायफलसाठी .३१५ आणि रिव्हॉल्व्हरसाठी .३२ बनवली, आणि शेतीचे रक्षण किंवा स्वसंरक्षण यांसाठी परवाना घेणाऱ्यांनी ती घेतली. .३१५ चा धक्का जोरदार आहे, गोळ्या मर्यादित मिळतात, आणि मुंबईत तिने रोज सराव करावा अशी जागा नाही. ती काकांकडे, त्यांच्या परवान्यावरच राहू द्या. दुसऱ्याच्या परवान्यावरचे शस्त्र सहज म्हणून मुंबईला आणण्याचा विचारही करू नये.

.३२ बद्दल एक खुलासा करतो, कारण पिस्तूल प्रकारात तिला खरोखर मान आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात .३० ते .३८ पर्यंतची कॅलिबर चालतात, तरी बहुसंख्य नेमबाज .३२ वापरतात. तिचा धक्का सौम्य असतो, त्यामुळे पुढचा नेम लवकर बसतो, आणि सपाट तोंडाच्या गोळीने कागदात स्वच्छ गोल छिद्र पडते. मोठी गोळी वापरण्याची मुभा असताना अनुभवी माणसे खालच्या बाजूचे कॅलिबर निवडतात, हे तुम्ही विचारात घ्यावे. लक्ष्यवेधाच्या खेळात जोर उपयोगाचा नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच घडणे उपयोगाचे आहे.

हाच न्याय एअर रायफलला लावून पाहा. स्पर्धेच्या ४.५ मिमी रायफलीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो, म्हणजे ऊर्जा जेमतेम ७ ते ८ ज्यूल. कायदा २० ज्यूलपर्यंत सूट देतो, तरी जर्मनी-ऑस्ट्रियातले नामांकित उत्पादक वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, श्टायर हे सगळे निम्म्याच्याही खाली थांबतात. १० मीटरवर कागद फोडायला तेवढी ऊर्जा पुरते, आणि ऊर्जा वाढवली की रायफलीचा हादरा वाढतो, दर फैरीमागे वेगातला फरकही वाढू शकतो. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचे वर्तुळ साडेपाच मिलिमीटर व्यासाचे. ज्या माणसाने तुम्हाला "पॉवर वाढवून देतो" असे सांगितले असेल, तो तुमचे गुण कमी करून देणार आहे, आणि २० ज्यूलची रेषा ओलांडली तर तुम्हाला गुन्ह्यातही अडकवणार आहे.

आता खरा प्रश्न उरतो तो ४.५ मिमी एअर रायफल की .२२ एवढाच. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे हे मी मान्य करतो.

.२२ च्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले ते .२२ वर. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून) जागतिक विजेतेपद मिळवले तेही .२२ वर. गुडघा टेकून, झोपून आणि उभे राहून असे तीन पवित्रे शिकण्यात जो आनंद आहे तो १० मीटरच्या एकाच पवित्र्यात नाही, हे मी मनापासून सांगतो. झोपून नेम धरायला लागल्यावर रायफल किती स्थिर राहू शकते हे प्रथमच कळते, आणि त्यानंतर उभ्याच्या नेमबाजीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

परंतु .२२ हे अग्निशस्त्र आहे. त्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवा. मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त आहेत; तुम्ही उद्या ऐरोलीला राहायला गेलात तर आयुक्तालयच बदलते, म्हणून पत्ता बदलण्याचा विचार असेल तर तो आधी उरकून मग अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे त्यातली एक जागा कशाला द्यायची हे विचारपूर्वक ठरवायला हवे. किती गोळ्या बाळगता येतील याची नोंद परवान्यावर असते. खेळाडू म्हणून मिळणाऱ्या सवलती, आयात आणि जादा गोळ्या यांचा मार्ग तुमच्या स्पर्धेतल्या गुणांवरून आणि राज्य संघटनेच्या शिफारशीवरून जातो. गुणांची नोंद हाती असेल तर हे सगळे सोपे होते. ती नसताना नुसता उत्साह घेऊन गेलात तर फाइल लांबते. आणि हे गुण तुम्ही कशावर मिळवणार? बहुतेकांच्या बाबतीत ४.५ मिमी एअर रायफलवरच.

जागेचाही विचार करा. १० मीटरची रेंज उपनगरातल्या एखाद्या सभागृहातही बसते. वरळीच्या रेंजखेरीज पनवेलपर्यंत तुम्हाला पर्याय मिळतील. ५० मीटरच्या जागा मोजक्या आहेत. मुलुंडहून दादरला लोकलने आणि तिथून पुढे बसने वरळी गाठायची, तीही खांद्यावर रायफलीची पेटी घेऊन, हे नोकरी सांभाळून आठवड्यातून किती वेळा जमेल याचा हिशेब तुम्हीच करावा. घरी मात्र एअर रायफलने रोज अर्धा तास कोरा सराव करता येतो. छर्रा न घालता, भिंतीवर ठिपका लावून, पवित्रा आणि ट्रिगर यांचा सराव. आधुनिक स्पर्धा-रायफलींत यासाठी वेगळी कळ असते. मुंबईत प्रगती करणाऱ्या हौशी नेमबाजांपैकी ज्यांना मी जवळून ओळखतो, त्या सगळ्यांनी ही गोष्ट नेमाने केली आहे.

आणखी एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एअर रायफलचा छर्रा .२२ च्या गोळीच्या साधारण निम्म्या वेगाने जातो. .२२ ची स्पर्धेची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि ध्वनीच्या वेगाच्या थोडी खाली, सेकंदाला ३२५ मीटरच्या आगेमागे ठेवलेली असते. छर्रा मंद असल्यामुळे ट्रिगर दाबल्यानंतर तो नळीत अधिक वेळ असतो, आणि तेवढ्या अवधीत तुम्ही डोके उचलले किंवा खांदा सैल सोडला तर त्याची शिक्षा लगेच कागदावर उमटते. ट्रिगरनंतरही पवित्रा धरून ठेवण्याची सवय एअर रायफलवर लागते आणि पुढे .२२ वर आयुष्यभर कामी येते. उलट दिशेने गेलेल्यांना ती सवय मागाहून लावून घेणे फार जड जाते, असे मी पाहिले आहे.

म्हणून तुमच्या परिस्थितीत माझा सल्ला असा: ४.५ मिमीची स्पर्धेच्या दर्जाची एअर रायफल घ्या. .२२ चा सराव त्याच काळात क्लबच्या रायफलीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरू करा. मान्यताप्राप्त क्लबात ही सोय असते. राज्य स्पर्धा, मग गणेश वासुदेव मावळंकरांच्या नावाने होणारी अखिल भारतीय स्पर्धा, असे टप्पे पार होतील तसा परवान्याचा अर्ज करा. तोवर तुम्हाला ५० मीटर खरोखर आवडते की नाही हेही कळलेले असेल. हाच सल्ला मी पनवेलच्या रेंजजवळ राहणाऱ्या, आधीच परवाना असलेल्या किंवा सकाळचा वेळ मोकळा असलेल्या माणसाला दिला नसता. त्याने .२२ लवकर घ्यावी.

आता कस्टमकडे वळतो, कारण तुमचे पैसे खरे तर इथे लागायला हवेत.

एखादी रायफल कस्टम आहे असे विक्रेता म्हणतो तेव्हा बहुधा तिचे लाकूड सुंदर असते, कोरीवकाम असते, रंग वेगळा असतो. स्पर्धेच्या दृष्टीने यातल्या कशालाही किंमत नाही. आजच्या चांगल्या एअर रायफलींत अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता येतो आणि त्यात बटप्लेटची लांबी, उंची व कोन, चीकपीसची उंची व तिरकेपणा, पकडीचे ट्रिगरपासूनचे अंतर, ट्रिगरचे स्थान आणि डाव्या हाताखालच्या आधाराची उंची हे सगळे स्क्रूंनी बदलता येते. म्हणजे रायफल कारखान्यातून अर्धी कस्टम होऊनच येते. उरलेली अर्धी तुमच्या अंगावर बेतायची असते. शिंप्याकडे कापड देऊन माप न दिल्यासारखे बहुतेक जण ती जशीच्या तशी वापरत राहतात.

तुमच्या उंचीच्या माणसाला कारखान्यातल्या मापांत बट सहसा लांब पडतो. ओळखायची खूण अशी: रायफल खांद्याला लावल्यावर मान पुढे ताणली जाते, उजवा खांदा मागे ओढला जातो आणि पोट पुढे येते. मग शरीराचा तोल पाठीचे स्नायू धरून ठेवतात आणि वीस-पंचवीस फैरींनंतर ते थकतात. मापन कसे करतो ते सांगतो. आधी रायफल नसताना माणसाला पवित्र्यात उभे करतो. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकलेले, पुढचा हात सरळ उभा, डोके ताठ, नजर समोर. मग मी रायफल हातात घेऊन त्याच्या चेहऱ्यापाशी नेतो आणि डोके तिळभरही न हलवता साइट डोळ्यासमोर येईपर्यंत बटप्लेट, चीकपीस आणि हाताखालचा आधार बदलत जातो. माणसाने रायफलीकडे जायचे नाही, रायफल माणसाकडे यायला हवी. यात सहज दोन तास जातात, आणि ते घाईत उरकण्याचे काम नाही.

चीकपीसबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गुण इथे सांडतात. गालाचे हाड त्यावर आपल्या वजनाने विसावले पाहिजे. दाबावे लागता कामा नये आणि तरंगताही कामा नये. माझ्याकडे बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ येत असत. त्यांचे पहिले पंधरा-वीस नेम उत्तम पडत आणि नंतर गट (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) वर सरकू लागे. छर्रे बदलून झाले, साइट बदलून झाली, आणि आता रायफलच बदलून .२२ घ्यावी अशा निर्णयापर्यंत ते आले होते. मी त्यांचा सराव बाजूला उभा राहून पाहिला. सराव संपल्यावर त्यांच्या गालावर जबड्याच्या कडेजवळ लाल पट्टा उमटलेला होता. चीकपीस खाली होते, त्यामुळे ते सुरुवातीला मान वाकवून डोळा साइटमध्ये आणत आणि गाल दाबून तो तिथे धरून ठेवत. थकवा आला की दाब कमी होई, डोळा वर सरके आणि त्याबरोबर नेमही. चीकपीस तीन मिलिमीटर वर घेतले आणि बट थोडा आखूड केला. पुढच्या सरावानंतर गालावर वळ नव्हता, आणि शेवटचे दहा नेम पहिल्या दहांच्याच जागी होते. कॅलिबर बदलून हे कधीही साधले नसते. सराव संपल्यावर तुम्हीही आरशात गाल पाहत जा.

तुमचा चष्मा हा असाच एक मुद्दा आहे. पवित्र्यात डोके किंचित वळलेले असते, त्यामुळे तुम्ही भिंगाच्या मध्यातून न पाहता नाकाजवळच्या वरच्या कडेतून पाहता आणि तिथे प्रतिमा विकृत होते. नेमबाजीसाठी एका भिंगाची, कोन बदलता येणारी चौकट मिळते. तिचे भिंग रोजच्या चष्म्याच्या नंबरचे असेलच असे नाही. नजर पुढच्या साइटच्या कड्यावर स्वच्छ बसली पाहिजे आणि लक्ष्य थोडे धूसर राहिले तरी चालते. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना पुढच्या साइटचे डोळ्यापासूनचे अंतर मोजून सांगा. ही चौकट घेऊन झाल्यावरच चीकपीस बसवा, नाहीतर ते पुन्हा बसवावे लागेल. त्याआधी प्रबळ डोळा कोणता हेही तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूवर अंगठा धरावा आणि एकेक डोळा मिटून पाहावा. ज्या डोळ्याने अंगठा जागेवर राहतो तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर डाव्या हाताची रायफल घ्यायची की उजव्याच हाताने खेळून डावा डोळा झाकायचा, हा निर्णय खरेदीच्या आधी व्हायला हवा. बत्तिसाव्या वर्षी, सराव नुकताच सुरू झाला असताना, मी डाव्या हाताकडे वळण्याचा प्रयत्न निदान करून पाहा असे सांगेन.

वजनाबाबत सबुरी ठेवा. एअर रायफलचे कमाल वजन साडेपाच किलो आहे आणि ५० मीटर रायफलचे पुरुषांच्या गटात आठ किलो. जड रायफल कमी हलते हे खरे, पण ती धरणारी कंबर आणि पाठ तयार असेल तरच. साडेचार किलोच्या आसपास सुरू करून सुटी वजने हळूहळू वाढवावीत. ट्रिगरलाही हेच लागू. एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, म्हणून तो केसाच्या स्पर्शाने सुटेल एवढा हलका करण्याचा मोह होतो. नवोदिताने तसे करू नये. बोट ट्रिगरवर आहे हे बोटाला स्पष्ट कळले पाहिजे.

जुळवणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक माप वहीत लिहावे. बटप्लेट आणि चीकपीसवर आखलेल्या रेषा त्यासाठीच असतात. हवाई प्रवासात किंवा सफाईसाठी भाग सुटे केले तर वहीवरून पाच मिनिटांत रायफल पूर्ववत होते. दर आठवड्याला माप बदलणारा माणूस पवित्रा कधीच शिकत नाही, म्हणून एकदा बसवलेले माप निदान काही आठवडे तसेच ठेवावे.

नळी आखूड करणे, दुसऱ्या कॅलिबरची नळी बसवणे, एका प्रकारचे शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणे, या अर्थाने कोणी कस्टम म्हणत असेल तर तिथून उठून यावे. परवान्याशिवाय असे करणे शस्त्र कायद्याच्या कलम ५ आणि ६ खाली बंद आहे आणि त्याची शिक्षा जबर आहे. खेळाच्या दृष्टीनेही त्याची गरज कधी पडत नाही.

आता मुंबईच्या हवेविषयी, कारण अक्रोडाच्या दस्त्याचा निकाल इथेच लागतो. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, फुगते, आणि दस्ता व यंत्रणा जोडणाऱ्या स्क्रूंवरचा ताण बदलतो; परिणामी नेमाची जागा सरकते. जूनमध्ये सरकलेली साइट ऑक्टोबरमध्ये पुन्हा सरकते. उत्तम वाळवलेल्या, थरांच्या लाकडात हे कमी होते, अ‍ॅल्युमिनियममध्ये होतच नाही. मुंबईत राहून मी तरी नव्या माणसाला लाकडी दस्ता सुचवणार नाही. घामातल्या आणि समुद्राच्या हवेतल्या खारटपणाने पोलादी भागांवर एका रात्रीत तांबूस डाग येतात, तेव्हा घरी आल्यावर तेलाचा हलका हात फिरवावा आणि रायफल फोमच्या बंद पेटीत ओली ठेवू नये. शिशाच्या छर्ऱ्यांवर दमट हवेत पांढरी भुकटी धरते. पाचशेचा डबा उघडला की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. रायफलीला जोडलेली दाबाखालच्या हवेची टाकी २०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास भरली जाते. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पाणीही आत जाते, म्हणून कोरड्या हवेची सोय असलेल्या रेंजवरच ती भरून घ्यावी.

जुनी रायफल घेणार असाल, आणि तुमच्या खर्चाच्या मर्यादेत चांगली जुनी रायफल हा उत्तम पर्याय आहे, तर सर्वांत आधी टाकीवर कोरलेली तारीख पाहा. बऱ्याच उत्पादकांनी टाकीचे आयुष्य १० वर्षे सांगितलेले आहे. मुदत संपलेली टाकी दोनशे बारला भरणे हा जिवाशी खेळ आहे, आणि नवी टाकी घेण्याचा खर्च सौद्यात धरला पाहिजे. त्यानंतर रायफल शिकंज्यात पकडून दोन-तीन प्रकारच्या छर्ऱ्यांचे गट काढून दाखवायला सांगा. छर्ऱ्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी असा मिळतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो. .२२ मध्ये हा फरक अधिक तीव्र असतो. तिथे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण वेगळ्या लॉटच्या गोळ्यांचे गट वेगळे पडतात, आणि आपल्याकडे आयातीमुळे जो लॉट येईल तो घ्यावा लागतो. म्हणून .२२ घेतलीत की नळीला मानवलेल्या लॉटचा हंगामभराचा साठा परवान्याच्या मर्यादेत एकदम घ्यावा. कॅलिबर ठरवताना गोळ्यांचा पुरवठा मोजा असे मी सुरुवातीला म्हटले ते याचसाठी.

थोडक्यात क्रम असा लागतो: आधी डोळा आणि चष्मा, मग ४.५ मिमीची जुळवता येणारी रायफल, मग दोन तास देऊन मापे, मग छर्ऱ्यांची चाचणी. अक्रोडाची ५.५ मिमी यात कुठेच बसत नाही, तेव्हा विक्रेत्याला नाही म्हणून कळवा.

तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: प्रबळ डोळा कोणता निघाला, कोपर काटकोनात वाकवले असता कोपराच्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर किती, आणि उभ्या पवित्र्यात डावे कोपर कमरेच्या हाडावर नीट टेकते की हवेत राहते. पाच फूट चार इंच उंचीत हात आखूड असेल तर कोपर टेकत नाही आणि हाताखालचा आधार उंच करावा लागतो. तो सर्वच रायफलींवर पुरेसा उंच होत नाही. कोणते मॉडेल पाहायचे हे त्या मापावरून सांगता येईल.